नमस्कार कुणाच्या रीतीने करावा?



आमच्या कीर्तनाला नित्य येणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकास गेला आहे. मुलगा माळकरी, घरची पंढरीची वारी तीन पिढ्यांची. त्याने वडिलांकरवी आम्हांस एक प्रश्न विचारला. तो असा: "आपल्या वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. येथे मात्र कुणापुढे हात किती उंच जोडावे आणि कुणापुढे मुळीच जोडू नयेत, हे समोरच्याचे वय आणि पायरी पाहून ठरवावे लागते. मी माळ घातलेला माणूस. मी हा हिशेब शिकावा काय? आणि शिकलो, तर माझा वारकऱ्याचा धर्म राहिला काय?"

प्रश्न वरवर पाहता रीतिभातीचा दिसतो. कुणी म्हणेल, यात कसला आला आहे धर्म? ज्या गावाला जावे तिथल्यासारखे वागावे, झाले. पण तसे नाही हो. नमस्कार ही आपल्या संप्रदायात नुसती रीत नव्हे, ती साधना आहे. आपल्याकडे अनुग्रह घेताना माळ गळ्यात पडते आणि त्याच घटकेपासून डोके दुसऱ्याच्या पायावर जायला शिकते. भागवताच्या एकादश स्कंधात भगवंतांनी उद्धवाला जे अखेरचे सांगणे सांगितले, त्यात कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव यांपर्यंत सर्वांना भूमीवर दंडवत घालावे, लोक हसले तरी हसू द्यावे, असा उपदेश आहे. आणि त्यावर नाथमहाराजांनी किती आवडीने विस्तार केला आहे हे एकनाथी भागवत वाचणाऱ्यांस सांगावयास नको. तेव्हा 'कुणाला नमस्कार करू नये' हे शिकण्याची पाळी वारकऱ्यावर आली, तर त्याच्या मनात चलबिचल होणारच. ती झाली हे बरेच झाले. आपण या प्रश्नाचा नीट विचार करू.

प्रथम तिथली रीत काय आहे ती पाहू. मागे कार्तिकी उरकल्यावर तिथल्या मराठी कुटुंबांच्या आग्रहावरून आम्ही पंधरवडाभर बँकॉकात होतो, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलेले आहे. थाई लोकांच्या नमस्काराला 'वाय' म्हणतात. कानाला आपल्या कृष्णाकाठच्या वाईसारखाच लागतो, तेव्हा लक्षात ठेवायला सोपे. दोन्ही तळवे कळीसारखे जुळवायचे, कोपरे अंगाशी ठेवायची आणि मान लववायची. तोंडाने पुरुषाने 'सवातदी ख्रप' म्हणायचे, बाईने 'सवातदी खा'. या 'सवातदी'त आपला 'स्वस्ति' शब्द आहे. फ्रया उपकित सिलपसान नावाच्या भाषापंडिताने तो संस्कृतावरून घडवला, बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात १९३० नंतरच्या दशकात तो बोलण्यात आला, आणि १९४३ सालच्या जानेवारीत फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने तो साऱ्या देशासाठी रूढ केला. म्हणजे हात जोडणे पुरातन, शब्द मात्र आमच्या वडिलांच्या पिढीतला.

आता पायऱ्या. आमच्या यजमानांची सात वर्षांची मुलगी तिथल्या शाळेत जाते. तिनेच आम्हांस हे गणित समजावून दिले. "आजोबा, साधूंना आणि बुद्धाच्या मूर्तीला आंगठे इथं," असे म्हणून तिने जोडलेल्या हातांचे आंगठे भुवयांच्या मध्ये टेकवले, बोटांची टोके केसांपाशी गेली. "आईबाबांना, आजीआजोबांना आणि शाळेतल्या बाईंना इथं," म्हणून आंगठे नाकाच्या शेंड्याला. "आणि दुसऱ्या मोठ्या माणसांना इथं," म्हणून हनुवटीपाशी. बरोबरीच्याला हात छातीशी जोडले तरी चालते. आम्ही विचारले, "आणि धाकट्या भावाला गं?" ती आमच्याकडे पाहातच राहिली. म्हणाली, "त्याला कशाला? तोच मला करेल!"

एवढ्या एका उत्तरात सगळे आले. धाकट्याने आधी करायचा, थोरल्याने तो स्वीकारून उलट करायचा, हा नियम. मूल, उपाहारगृहातला वाढपी, दुकानातली मुलगी यांनी वाय केला तर हसून मान डोलवावी, आपण होऊन हात जोडीत सुटू नये. भिक्षूला सर्वांनी करावा, राजानेही करावा. भिक्षू मात्र गृहस्थाला उलट वाय करीत नाही. त्याला बोलताना 'सवातदी' नव्हे, 'नमत्सकान' म्हणतात. तो आपला 'नमस्कार'च, ओळख पटायला वेळ लागत नाही. हातांत पिशवी किंवा ताट असेल तर ओढूनताणून वाय करू नये, नुसती मान लववावी. नवा माणूस भेटला की तिथले लोक हळूच वय काढून घेतात, आणि मग थोरल्याला 'पी' म्हणजे दादा किंवा ताई, धाकट्याला 'नाँग' म्हणजे धाकटे भावंड असे म्हणतात. आपल्या वारीत सगळ्यांना एकच हाक, 'माउली'. तिथे हाक मारण्याआधी वय विचारावे लागते. भेद आहे तो इथे.

आता पूर्वपक्ष मांडू. कुणी म्हणेल: "महाराज, हे तर उघड उघड उच्चनीच झाले. जे संतांनी मोडले तेच हा मुलगा परमुलखात जाऊन शिकणार. त्यापेक्षा त्याने सरसकट सगळ्यांना, झाडूवालीपासून साहेबापर्यंत, कपाळाला हात लावून नमस्कार करावा. हसले लोक तर हसू दे. भागवताची तशी आज्ञाच आहे."

हा पूर्वपक्ष हलका नाही. किंबहुना आमच्या स्वतःच्या शिकवणीत त्याला बळ देणारी गोष्ट आहे. आम्ही लहानपणी पाठशाळेत अष्टाध्यायी घोकली. पाणिनीने आठव्या अध्यायात नमस्काराच्या उत्तराचे एक सूत्र घातले आहे. शिष्याने आपले नाव सांगून अभिवादन केले, की गुरूने आशीर्वाद देताना वाक्याच्या शेवटचा स्वर प्लुत करावा, म्हणजे तीन मात्रा लांबवावा. पण कुणाला? शूद्राला उत्तर देताना तसे करू नये, हे त्याच सूत्रात आहे. वार्तिककारांनी त्यात स्त्रियांची भर घातली. अहो, केवढा हा हिशेब! थाई लोकांनी आंगठ्याची उंची मोजली, आमच्या पूर्वजांनी स्वराच्या मात्रा मोजल्या. आणि हा प्लुत ज्याला येत नाही त्याला कसे हिणवावे, हेही महाभाष्यात सापडते. तेव्हा पायऱ्यांचा नमस्कार आम्हांस परका नाही. उलट तो आमच्या घरचाच, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात संतांनी तो पुसला. जे वाळवंटात पुसले ते बँकॉकात पुन्हा गिरवायचे का, असा हा पेच आहे.

या पेचाचे उत्तर आम्हांस ग्रंथातून नव्हे, आमच्या एका टाळकऱ्याच्या वागण्यातून सुचू लागले. आमच्याबरोबर आलेला हा टाळकरी म्हणजे अत्यंत भाविक, निष्कपट माणूस. त्याने पहिल्या दिवशीच ठरवले की इथे भेटेल त्याला विठ्ठल समजून वाकायचे. आम्ही उतरलो होतो त्या इमारतीत सकाळी जिना झाडायला एक बाई येत. हा त्यांच्यापुढे गेला आणि कपाळाला आंगठे लावून कमरेत वाकला. बाई गडबडल्या. हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांनी ह्याच्यापेक्षा खाली वाकून वाय केला. हा आणखी खाली गेला. त्या आणखी खाली गेल्या, आणि मग इकडेतिकडे पाहू लागल्या, कुणी पाहिले तर आपल्याला बोल लागेल अशी भीती चेहऱ्यावर दिसत होती. दुसऱ्या दिवशी ह्याची चाहूल लागताच त्या जिना अर्धा टाकून दुसऱ्या मजल्यावर निघून गेल्या.

टाळकरीबुवा आम्हांस म्हणाले, "महाराज, बाई नमस्कार घेत नाहीत."

वाचकहो, या वाक्यापाशी आपण थांबू. नमस्कार केला, पण घेतला गेला नाही. मग तो झाला का? पाणिनीच्याच दुसऱ्या एका सूत्राकडे वळू. 'नमः' आणि 'स्वस्ति' हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात बसवून पाणिनी सांगतो की यांच्या योगाने चतुर्थी विभक्ती होते. म्हणजे आपला 'नमस्कार' आणि थाई लोकांचा 'सवातदी' हे व्याकरणातले शेजारी आहेत. चतुर्थी ही मुळात संप्रदानाची, म्हणजे ज्याला द्यायचे त्याची विभक्ती. इथली चतुर्थी उपपदविभक्ती आहे, कारकविभक्ती नव्हे, असे वैयाकरण आम्हांस लगेच सांगतील. ते खरे आहे. पण भाव घ्यावा. नमस्कार हे देणे आहे. आणि देणे कधी पुरे होते? घेणाऱ्याच्या हातात पडले म्हणजे. दान देणाऱ्याने पाणी सोडले आणि घेणाऱ्याने हात पुढे केला नाही, तर ते पाणी भुईवर सांडते. आमच्या टाळकऱ्याचा नमस्कार असा जिन्यावर सांडला.

त्याच्या भावात खोट होती का? मुळीच नाही. पण त्याने त्या बाईंना जे दिले ते त्यांच्या कामाचे नव्हते. त्यांच्या भाषेत कपाळाला लावलेले आंगठे हे साधूसाठी आहेत, देवासाठी आहेत. पाहुण्याने आपल्याला ते लावले म्हणजे एकतर हा थट्टा करतो आहे, नाहीतर आपल्यावर कसलेतरी ओझे टाकतो आहे, असे त्यांस वाटणार. जो मान परत कसा करावा हे समोरच्याला कळत नाही, तो मान त्याच्या डोक्यावर कर्जासारखा बसतो. विठ्ठल पाहिला म्हणता, पण विठ्ठलाला घाम फोडलात, पळवून लावलेत, ही कसली पूजा?

इथे साधकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी वाकतो ते समोरच्यासाठी, की 'मी सर्वांना वाकणारा आहे' हे मला पाहायचे असते म्हणून? हा प्रश्न बोचतो. पण नम्रतेचाही अभिमान असतो, आणि तो इतर अभिमानांपेक्षा सूक्ष्म असतो, कारण तो जमिनीला टेकलेल्या डोक्यात राहतो. आपल्याच पद्धतीने नम्र होण्याचा हट्ट हासुद्धा हट्टच आहे. परमुलखात गेलेल्या माणसाची याबाबत चांगली परीक्षा होते.

आपल्या लोकांची तर विशेष होते. युरोपातला मनुष्य तिथे गेला तर त्याला सगळेच नवे, म्हणून तो विचारून विचारून शिकतो. आपण जातो तेव्हा विमानतळाचे नावच सुवर्णभूमी. आत पाहावे तर देवदानव वासुकी धरून समुद्र घुसळीत आहेत. जुन्या राजधानीचे नाव अयोध्येवरून अयुत्थया. गुरूला 'ख्रू', आचार्याला 'आचान', गुरुवारला बृहस्पतीचे नाव. मन म्हणते, हे तर आपलेच घर, इथे शिकायचे काय? आणि मग आपला नमस्कार त्यांचा वाय समजून आपण तो वाटीत सुटतो. शब्द एक असला म्हणजे अर्थही एक असतो असे नाही, हे कोशकार जाणतो. हात तसेच जुळले म्हणजे म्हणणे तेच झाले असे नाही, हे पाहुण्याने जाणावे. नमस्काराला व्याकरण आहे. संस्कृत येणाऱ्याने तमिळ बोलताना संस्कृताच्या विभक्ती लावल्या तर त्याचे प्रेम कळेल, पण बोलणे कळणार नाही.

आता त्या पायऱ्यांकडे थोडे आदराने पाहू. दुरून जे उच्चनीच दिसते ते जवळून तसेच असते असे नाही. आम्हांस तिथली एक चाल फार विचार करण्यासारखी वाटली. तिथले पुष्कळ तरुण आयुष्यात एकदा थोड्या काळासाठी भिक्षू होतात, बरेचसे वर्षावासाचे तीन महिने. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो, म्हणजे आपली आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागतो त्याच सुमारास. दीक्षेच्या आधी मुलगा आईच्या पायांशी डोके टेकतो. दीक्षा झाली, भगवी वस्त्रे अंगावर आली, की तीच आई त्याच मुलाला वाय करते, आणि तो उलट करीत नाही. तीन महिन्यांनी वस्त्रे उतरवून तो घरी आला, की पुन्हा आईपुढे त्याचे हात. सांगा, थोर कोण? मुलगा की आई? नमस्कार गेला तो मुलाला नव्हे, वस्त्राला. आणि परत आला तो आईपणाला. व्यक्ती तीच, स्थान बदलले. म्हणजे ज्याला आपण माणसामाणसातला भेद म्हणतो, तो पुष्कळदा स्थानाचा मान असतो. आपल्याकडे वीणेकरी घ्या. विणा गळ्यात आहे तोवर सगळी दिंडी त्याच्या पाया पडते; विणा दुसऱ्याकडे दिली की तो आधी त्या दुसऱ्याच्या पाया पडतो. हे आपल्याला समजते, मग ते का समजू नये?

भिक्षूभिक्षूंतही थोरपण जन्माने वा वयाने नाही, दीक्षा कधी घेतली त्यावर आहे. बौद्धांच्या विनयग्रंथात कथा आहे. शाक्य कुळातले राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली. राजपुत्रांनीच बुद्धांना विनवले की याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांस याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. उपाली आधी भिक्षू झाला, आणि राजपुत्र त्याच्यापुढे वाकले. सेना महाराजांना संत म्हणून मस्तकी धरणाऱ्या वारकऱ्याला ही कथा परकी वाटेल काय? पायरी आहे, पण ती अशी उभी केली की राजपुत्राने न्हाव्यापुढे वाकावे.

इतके बोलून आम्ही पायऱ्यांची वकिली करतो आहोत असे मात्र समजू नये. दुसरी बाजू तितकीच खरी आहे. स्थानाचा मान हळूहळू माणसाला चिकटतो, चिकटला की कातडीसारखा होतो, आणि मग तो सोलल्याशिवाय निघत नाही. याची साक्ष त्याच देशाच्या इतिहासात आहे. सयाममध्ये राजापुढे प्रजेने, सरदारांनी गुडघ्याकोपरांवर रांगत यावे, जमिनीला डोके लावून पडून राहावे अशी वहिवाट होती. चुलालाँगकॉर्न राजाने १८७३ साली आपल्या दुसऱ्या राज्याभिषेकाच्या वेळी ही वहिवाट बंद केली, कारण ती जुलमाची खूण आहे असे त्याला वाटले. लक्षात घ्या, ज्याच्यापुढे लोक पडत होते त्यानेच 'उभे राहा' म्हटले. वाय राहिला, देवापुढचे पंचांग वंदन राहिले, आईबापांपुढचे राहिले. भीतीने रांगणे थांबवावे असे ठरले. पुढच्या काळात त्यातले काही परत आले, हेही खरे. पण एका राजाला आपल्याच सन्मानातला जुलूम दिसला, ही गोष्ट लहान नाही.

आणि आपण तरी? सर्वांना दंडवत घालावे असे टाळमृदंगाच्या गजरात शेकडो वर्षे सांगणाऱ्या आपल्या पंढरीत, चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्यांना पायरीवरूनच हात जोडून परतावे लागे त्यांच्यासाठी मंदिराचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, तेव्हा ते उघडले. म्हणजे आपली रीत समतेची आणि त्यांची भेदाची, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला फार नाही. दंडवत तोंडात आणि दाराला कडी, असे आपण केलेले आहे. रीत कितीही थोर असो, तिच्याआड अहंकार लपू शकतो. रीत कितीही पायऱ्यांची असो, तिच्यातून प्रेम जाऊ शकते. निवाडा रीतीचा नाही, रीतीच्या मागच्या माणसाचा आहे.

मग त्या मुलाने करावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्याने वाय शिकावा, मनापासून शिकावा, आणि त्यांच्या रीतीने करावा. कचेरीतल्या वडीलधाऱ्यांस आपण आधी करावा, नाकाशी आंगठे नेऊन, सावकाश, त्यांच्याकडे लक्ष देऊन. भिक्षू दिसले तर आपल्या सवयीने पायांना हात लावायला धावू नये. स्त्रियांनी तर भिक्षूला स्पर्श करू नये, वस्तूही हातात देऊ नये. भिक्षू वस्त्र पसरतात, त्यावर ठेवावी. बसून, दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ टेकून वंदन करावे. त्रिरत्नाला ते तीनदा, तळवे जमिनीवर ठेवून. आईबापांना एकदाच, आणि हात जोडलेलेच ठेवून. मंदिरात बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत, दुमडून बाजूला घ्यावेत. लाडाने कुणाच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू नये, कारण मस्तक तिथे सर्वांत पवित्र अंग मानतात. ही यादी पाठ करण्यासाठी नव्हे. यातली प्रत्येक गोष्ट शिकताना 'माझे सोडून तुझे घेतो' असे जे मन म्हणते, ते मनच दंडवत घालते. हात नाकाशी थांबले तरी चालेल.

आणि त्या झाडूवाल्या बाईंचे काय? हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे, तो टाळून चालणार नाही. नियमाप्रमाणे त्यांनी वाय केला तर हसून मान लववायची, आधी आपण करायचा नाही. इथे पाहुण्याला एक धोका आहे. हॉटेलात, दुकानात, दारोदार त्याला लोक आधी हात जोडतात. ते हात त्याच्या वयाला नाहीत, विद्येला नाहीत, पुष्कळदा त्याच्या खिशाला आहेत. आठ दिवसांत माणसाला वाटू लागते की आपण खरेच कुणी थोर आहो. नियम पाळता पाळता तो त्या बाईंच्या अंगावरून असा जातो की जणू जिना आपोआप झाडला जातो. हे झाले की मग आमचा भोळा टाळकरी शतपटीने बरा! म्हणून नियम पाळणाऱ्यावर अधिक जोखीम आहे. हात जोडायचे नाहीत, तर डोळ्यांनी जोडावे. 'खोप खुन' म्हणजे आभार, हा शब्द त्यांच्या भाषेत, त्यांच्या सुरात म्हणावा. त्यांचे ओले पायंडे वाळेपर्यंत थांबून मग चढावे. वयाने थोर असतील तर 'पी' म्हणून ताईची हाक मारावी. टाळकरीबुवांना आम्ही एवढेच सुचवले. त्यांनी ते केले. चौथ्या दिवशी बाईंनी जिना पुरा झाडला, आणि जाताना बुवांना 'सवातदी खा' म्हटले. बुवांनी हसून मान लववली. नमस्कार पोचला.

कुणी म्हणेल, "मग भागवताची आज्ञा बुडाली की!" बुडाली नाही. भगवंतांनी उद्धवाला लोक हसले तरी हसू दे म्हटले, ते आपली लाज सोडण्यासाठी. समोरच्याला लाजवण्याची परवानगी त्यात नाही. आपली फजिती सोसावी, दुसऱ्याची करू नये. जिथे आपल्या वाकण्याने आपली फजिती होते तिथे खुशाल वाकावे. जिथे दुसऱ्याची होते तिथे थांबावे, आणि ते थांबणेच नमन समजावे. पण जिथे पायरीच्या नावाखाली कुणाला तुडवले जाताना दिसेल, तिथे मात्र पाहुणा असला तरी वारकऱ्याने पायरीच्या बाजूने उभे राहू नये. निदान आपला पाय त्यात घालू नये. एवढा विवेक सांभाळावा.

थायलंडच्या शाळांत वर्षाच्या आरंभी, बहुधा गुरुवारी, 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदनाचा सोहळा होतो. मुले ताटात फुले घेऊन गुरूपुढे गुडघ्यांवर येतात. त्या ताटात आपली दूर्वा असते. ती तुडवली तरी पसरते, तशी विद्या वाढावी म्हणून. खेमाचे, म्हणजे आपल्या रुक्मिणीच्या जातीचे टोकदार कळ्यांचे फूल असते, बुद्धी तीक्ष्ण व्हावी म्हणून. आणि तिसरे असते वांग्याचे फूल. हे कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा सांगण्यात आले की वांग्याचे फूल खाली मान घालूनच असते, म्हणून ते नम्रतेचे. आपल्या रानात वांग्याची झाडे आपण जन्मभर पाहिली, पण ते फूल वाकलेले असते हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. गुलाब नाही, कमळ नाही, भाजीच्या वाफ्यातले फूल त्यांनी गुरूच्या ताटात ठेवले.

ते फूल कुणापुढे किती वाकावे याचा हिशेब करीत नाही, आणि 'पाहा मी वाकलो' असेही म्हणत नाही. त्याला पुढे फळ धरायचे असते, म्हणून ते वाकते. परमुलखात शिकणाऱ्याने तसे वाकावे. तिथले हात तिथल्यासारखे जोडावे, आणि आतला विठ्ठल आपला आपल्यापाशी जागा ठेवावा. ज्याला हे साधले त्याला बँकॉकातही वाळवंट आहे. ज्याला साधले नाही, त्याचे डोके महाद्वारात टेकले तरी ताठच आहे.

रामकृष्णहरि.